पंधरा रुपयांचें पुस्तक

गेल्या महिन्यांत वाळवीचा संशय आल्यावरून माळ्यावरील ट्रंका खालीं काढण्याचें काम निघालें. त्या खटाटोपांत आमच्या धाकट्या बंधूंच्या कॉलेजच्या दिवसांतील एक ट्रंक उघडली गेली, आणि तींतील एक पिवळें पडलेलें पुस्तक घेऊन आमची नात आमच्यापुढें येऊन बसली. ती यंदा संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षास आहे. "आजोबा, हें पाहिलंत का? आमच्या सरांनीं ह्याच लेखकाचं दुसरं पुस्तक वाचायला सांगितलंय!" आम्हीं पहिलें पान उलटलें. त्यावर तीन निरनिराळ्या हस्ताक्षरांतील तीन नांवें होतीं. पहिलीं दोन खोडलेलीं, तिसरें बंधूंचें. अप्पा बळवंत चौकांतून जुनें म्हणून आणलेलें तें पुस्तक. लेखकाचें नांव व्ही. राजारामन.

हें नांव आम्हांस सर्वस्वी अपरिचित नव्हतें. 2025 च्या नोव्हेंबरांत, वयाच्या 92 व्या वर्षीं ते निवर्तले, तेव्हां वर्तमानपत्रांत चार ओळी वाचल्या होत्या. परंतु ज्या घरांतील दोन पिढ्या एका माणसाच्या पुस्तकांवर शिकल्या, त्या घरास त्या माणसाविषयीं कांहींच ठाऊक नसावें, ही गोष्ट मनास लागली. म्हणून या महिन्याचें आमचें सदर त्यांस वाहिलें आहे.

वैद्येश्वरन राजारामन यांचा जन्म 8 सप्टेंबर 1933 रोजीं तामिळ मुलखांतील इरोड येथें झाला. शालेय शिक्षण दिल्लीस झालें. तेथील सेंट स्टीफन्स कॉलेजांतून 1952 सालीं पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें दाखल झाले. त्या सुमारास अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक विन्सेंट राइडाउट तेथें पाहुणे म्हणून आले होते, व त्यांच्या पुढाकारानें एक गणनयंत्र उभें राहत होतें. तें आजच्या संगणकाप्रमाणें अंक मोजणारें नव्हे. विजेच्या दाबाच्या चढउतारानें गणितांतील राशी दाखविणारें, म्हणजे मोजण्यापेक्षां मापण्याच्या जातीचें. त्याचे कांहीं भाग तरुण राजारामन यांनीं बांधले. पुढें सरकारी शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेंत गेले, 1959 मध्यें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची उच्च पदवी व 1961 मध्यें विस्कॉन्सिनची डॉक्टरेट मिळविली, आणि तेथेंच अध्यापकही झाले.

येथवरचा वृत्तांत कोणत्याही हुशार मुलाचा असावा तसा आहे. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांतील मुलें या पायरीपर्यंत चढलीं व तेथेंच स्थिरावलीं. त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. आमचा एक पुतण्याही तिकडेच आहे व सुखांत आहे. राजारामन मात्र परतले, आणि कानपुरास गेले.

कानपूरची आय. आय. टी. 1959 सालीं निघाली होती व अमेरिकेंतील नऊ विद्यापीठें तिला साहाय्य करीत होतीं. 1963 च्या ऑगस्टांत तेथें आयबीएम 1620 हें यंत्र बसलें. देशांत संगणक तत्पूर्वीं नव्हते असें नाहीं. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्यें तो आलेला होता. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं तर स्वतःच एक बांधला होता. परंतु तीं यंत्रें मुख्यतः संशोधकांच्या उपयोगाचीं. कानपुरास निराळें घडलें. तेथें हा विषय वर्गांतील मुलांस शिकविण्याचा झाला, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या हातीं खुद्द यंत्र दिलें गेलें.

त्या यंत्राची एक गंमत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. 1620 ला स्वतः बेरीज करतां येत नसे. बेरजेचें व गुणाकाराचें कोष्टक त्याच्या स्मृतींत भरून ठेवावें लागे, व दोन अंक समोर आले कीं तें कोष्टकांत पाहून उत्तर देई. म्हणजे उजळणी पाठ करून आलेल्या जुन्या विद्यार्थ्याप्रमाणेंच त्याचें वर्तन! कोष्टकांत कांहीं बिघडलें कीं यंत्राची बेरीजही चुके. नातीस हें प्रथम पटेना. पण आमच्या बालपणीं पाढ्यांवरून खाल्लेल्या छड्यांचा थोडासा सूड उगवला असें आम्हांस वाटलें.

संस्थेंतील मुलांपाठोपाठ देशभरांतील प्राध्यापक, शास्त्रज्ञ व एंजिनियर यांस दहा दिवसांच्या वर्गांत हें नवें शास्त्र शिकविण्याचा उपक्रम 1964 पासून सुरू झाला. पुढच्याच वर्षीं राजारामन व त्यांचे सहकारी महाबल यांनीं एम. टेक. च्या अभ्यासक्रमांत संगणकशास्त्राचा समावेश केला. विद्यार्थी मिळाले, यंत्र मिळालें; पुस्तक मात्र नव्हतें. परदेशी पुस्तकें महाग. तेव्हां वर्गांत वांटलेल्या टिपणांवरूनच राजारामन यांनीं पुस्तक तयार केलें, व तें 1969 सालीं 'प्रिन्सिपल्स ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या नांवानें प्रेंटिस-हॉल ऑफ इंडियानें प्रसिद्ध केलें. किंमत 15 रुपये. टिपणांच्या प्रती काढून घेण्यास जितका खर्च येई, तितकीच.

या पंधरा रुपयांपाशीं आम्ही थांबलों. त्याचें कारण आमच्याच आयुष्यांत आहे.

आम्हीं 34 वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. समासप्रकरणावर आम्हीं तयार केलेलीं टिपणें चांगलीं होतीं, हें आत्मप्रौढीचा दोष पत्करून सांगतों. दर वर्षीं तीं आम्ही वर्गांत सांगत असूं व मुलें उतरून घेत. "गुरुजी, हें छापा," असें अनेकांनीं सुचविलें, आम्ही म्हणत असूं, "येत्या उन्हाळ्यांत." एका वर्षीं वाडीवरून चालत येणारा एक मुलगा पेरणीच्या दिवसांत तीन आठवडे आला नाहीं. परीक्षेंत नेमका तो समासांत अडला. आम्हीं रागें भरलों, तेव्हां त्यानें वही पुढें केली व म्हणाला, "गुरुजी, ज्या दिवशीं मी नव्हतों, ते दिवस या वहींत नाहींत." त्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढेंही आम्हीं पुस्तक केलें नाहीं.

आळस हें एक कारण खरें. परंतु तेवढेंच नव्हे. आपल्या घरांतून पोथ्या रुमालांत बांधून ठेवीत व त्या कोणास दाखवावयाच्या याचा हिशेब असे. विद्या आपल्या मुखांतून जाईल तितकी जावी, आपल्यावांचून तिचें चालूं नये, अशी एक सूक्ष्म इच्छा शिक्षकाच्या मनांत त्याच्या नकळत वास करते. राजारामन यांनीं ती मोडली. त्यांनीं पुढें वीसांहून अधिक पाठ्यपुस्तकें लिहिलीं. वर्गांत येऊं न शकणाऱ्याचे दिवस त्यांत भरून निघत होते.

हाच विचार त्यांच्या दुसऱ्या कार्यांतही दिसतो. 1980 नंतरच्या वर्षांत त्यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीनें एम. सी. ए. चा अभ्यासक्रम सुचविला. गणित घेऊन बी. एससी. झालेल्या, परंतु एंजिनियरिंगला जाऊं न शकलेल्या मुलांस त्यामुळें या शास्त्राचें दार उघडलें. आमच्या आळींतच अशीं दोन मुलें निघालीं.

बाकीचा वृत्तांत थोडक्यांत सांगतों. 1976 सालीं त्यांस भटनागर पारितोषिक व 1998 सालीं पद्मभूषण मिळालें. 1982 पासून 1994 पर्यंत ते बंगलोरच्या आपल्या जुन्या संस्थेंत महासंगणक केंद्राचे प्रमुख होते. 1981 सालीं पुण्यांत सुरू झालेल्या इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ति हे त्यांचे विद्यार्थी. वर्तमानपत्रांनीं ही शेवटची गोष्ट सर्वांत आधीं छापली. शिष्याच्या संपत्तीवरून गुरूची किंमत करण्याची ही रीत आम्हांस आवडत नाहीं.

ओघानें आणखी एक. संस्कृत ही संगणकास सर्वांत योग्य भाषा, असें आम्हांस हर समारंभांत कोणी ना कोणी ऐकवितो. असें म्हणणाऱ्यांपैकीं एकानेंही अष्टाध्यायी अथवा संगणकाचें पुस्तक, दोहोंपैकीं कांहीं उघडलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

तें पुस्तक आतां नातीच्या टेबलावर आहे. बंधूंनीं पेन मागून घेऊन स्वतःच आपलें नांव खोडलें, व तिनें खालीं चौथें नांव लिहिलें. ट्रंकेच्या तळाशीं आमचीं समासाचीं टिपणेंही निघालीं. दोन पानें वाळवीनें खाल्लीं आहेत. तीं आम्ही आठवून पुन्हां लिहीत आहों, व बाकीचीं नात संगणकावर उतरवीत आहे. तिच्या हातून ऱ्हस्वदीर्घ चुकतें, त्यावरून रोज संध्याकाळीं आमचें व तिचें भांडण होतें.