चिंधी फुकट, टाका नव्हे

शिंप्याच्या दुकानात रात्री केर काढला जातो, तेव्हा त्या केरात माती थोडी आणि कापडच अधिक असते. कापड कितीही काटकसरीने बेतले, तरी कपडे तयार करताना साधारणपणे दहा ते पंधरा टक्के कापड कात्रणात जाते, असा या व्यवसायातला अंदाज आहे. त्या कात्रणासाठीही शेतात कापूस वेचला गेलेला असतो, सूत काढले गेलेले असते आणि रंगासाठी पाणी खर्ची पडलेले असते. इतके करून ते उकिरड्यावर जावे, यात कोणते शहाणपण आहे?

मराठी घराने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच दिले होते. विरलेल्या नऊवारी लुगड्याचे पदर वर आणि खाली, मध्ये जुन्या धोतरांचे व कपड्यांचे थर, आणि जिथे कापड अपुरे पडेल तिथे रंगीबेरंगी तुकड्यांची ठिगळे, अशी गोधडी उन्हाळ्याच्या दुपारी अंगणात पसरली जाई. काठापासून मध्याकडे धावदोऱ्याच्या ओळी सरकत आणि सुटे थर एकजीव होत. उरलेल्या खणाची बाळासाठी कुंची होई, लहान तुकड्यांचा बटवा, त्याहून लहानांची उशी. बंगालची कांथा, बिहारची सुजनी आणि कर्नाटकाची कौदी ही सारी याच शहाणपणाची भावंडे होत.

तथापि, या स्मृतीने हळवे होऊन चालणार नाही. गोधडी ही बहुतेक घरांत हौस नव्हती, गरज होती. नवे पांघरूण घेणे परवडत नव्हते, म्हणून जुन्याला टाके पडत. आज तिची वीण तुटली, याचा दोष नव्या पिढीच्या आळसाला देणे सोपे आहे, परंतु ते खरे नव्हे. घरचे कपडे आता कारखान्यातून शिवून येतात, त्यामुळे कात्रण घरात उरतच नाही. ते कारखान्याच्या दारात साचते. शिवाय आजच्या कापडात कृत्रिम धागा मोठ्या प्रमाणावर मिसळलेला असतो. तो सुती कापडासारखा घाम शोषत नाही, जाळला तर वितळतो आणि घुसमटविणारा धूर सोडतो. सुती आणि कृत्रिम तुकडे एकाच पोत्यात कोंबले की दोन्हींची किंमत जाते. तेव्हा कात्रणाचा सदुपयोग व्हावयाचा, तर ते जिथे निर्माण होते त्या कापणीच्या टेबलाशीच वेगवेगळे ठेवले पाहिजे. त्याला यंत्र लागत नाही, दोन पोती पुरतात.

परंतु खरा प्रश्न याहून निराळा आहे. शहरातील प्रदर्शनांत आता गोधडी शोभेची वस्तू म्हणून मांडली जाते, आणि तिची किंमत ऐकताच गिऱ्हाईक सहज म्हणते, ‘जुन्या चिंध्यांचे एवढे पैसे?’ या एका वाक्यात सारा अन्याय साठलेला आहे. चिंधी फुकट असेल, टाका फुकट नसतो. घरकाम उरकून, दुपारच्या मोकळ्या वेळात शिवलेली एक गोधडी हातावेगळी व्हायला आठवडेच्या आठवडे लागतात. पाठ वाकते, बोटाला सुई टोचते, डोळे शिणतात. आजी नातवासाठी शिवी तेव्हा हा हिशेब मायेच्या खाती जमा होई. बाजारासाठी शिवणाऱ्या बाईकडून मात्र तीच माया सवलत म्हणून मागितली जाते. नगावर काम करणाऱ्यांसाठी किमान दर ठरविण्याची तरतूद 1948 च्या किमान वेतन कायद्यात होती, 2019 च्या वेतन संहितेतही ती आहे. घरात बसून शिवणाऱ्या बाईच्या हाती तो दर पडतो काय, हे विचारणार कोण? बचत गटांनी किंमत ठरविताना कापडाचे वजन नव्हे, तर कामाचे तास आधी मांडावेत, आणि प्रदर्शन भरविणाऱ्यांनी ते तास वस्तूशेजारी लिहावेत.

शाळांनाही यात वाटा उचलता येईल. कोठारी आयोगाने (1964–66) कार्यानुभवाचा आग्रह धरला होता. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. त्या दहा दिवसांतील दोन दिवस गावातल्या शिंप्याचे आणि गोधडी शिवणाऱ्या बाईचे असावेत, आणि धावदोरा मुलींइतकाच मुलग्यांनीही घालावा. त्यासाठी येणाऱ्या त्या बाईला मात्र मानाच्या नारळाबरोबर दोन दिवसांचा मेहनतानाही मिळावा. नाही तर शाळाही तिच्याकडून टाका फुकटच घेईल.

एका हाताची वीत-दीड वीत शिवण घालून झाल्यावर ज्या मुलाची बोटे दुखतील, तो पुढे गोधडीची किंमत ऐकून नाक मुरडणार नाही. कात्रण वाचविण्याची चळवळ उद्या कुणी उभारो वा न उभारो, एवढा हिशेब जरी समाजाला नीट मांडता आला, तरी त्या केरातले पुष्कळसे कापड आपोआप वेचले जाईल.