केळीचे टाकाऊ भाग: साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्राला खुले पत्र

प्रति,
प्रमुख, कृषी विज्ञान केंद्र,
साकोली, जि. भंडारा



भंडारा जिल्हा धानाचा. केळीचा मान जळगावचा. तिथल्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तरी सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेले खांब, पंगतीची पाने आणि बाजारातल्या फण्या यांतून केळ धानपट्ट्यातही घरोघरी पोचते. पूजा आटोपली की खांब उकिरड्यावर जातात, साली गायीपुढे पडतात. या टाकलेल्या मालाकडे केंद्राने लक्ष द्यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

केळीचा एक खुंट एकदाच घड देतो. घड उतरला की तो कापायचा आणि मुनव्यावर पुढचे पीक घ्यायचे. शेवटची फणी सुटल्यावर घड पोसावा म्हणून केळफूलही मोडतात. खाल्ल्या जाणाऱ्या फळातसुद्धा वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा सालीचा असतो. म्हणजे झाडाचा बहुतेक भाग माणसाच्या तोंडी लागतच नाही.

त्या भागांत काय असते? सालीत गॅलोकॅटेचिन हे फिनॉलिक द्रव्य गरापेक्षा जास्त प्रमाणात सापडते. कॅव्हेंडिश केळ्यातले डोपामिन प्रभावी अँटिऑक्सिडंट असल्याचे जपानी संशोधकांनी २००० साली दाखवले, आणि तेही सालीतच अधिक. केळफुलाच्या बाहेरच्या जांभळट पाकळ्यांना रंग देणारी अँथोसायनिन त्याच कुळातली, ज्यांनी जांभूळ रंगते. भाजी करताना नेमक्या याच पाकळ्या सोलून फेकल्या जातात.

केळफूल निवडणारी बाई आधी हाताला तेल लावते आणि चिरलेले लगेच ताकाच्या पाण्यात टाकते. चीर बसताच पेशी फुटतात, हवेतला ऑक्सिजन आत शिरतो, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर फिनॉलवर काम करते आणि केळफूल काळे पडते. ताकाच्या आंबटपणाने हे विकर मंदावते. कपड्यावरचा केळीचा न निघणारा डागही याच फिनॉल द्रव्यांचा. काळे पडताना ती खर्ची पडतात. म्हणून केळफूल किंवा साल वाळवण्याआधी आंबट पाण्यात बुडवणे किंवा उकळत्या पाण्याची वाफ देणे महत्त्वाचे. पण फार तापवले तर अँथोसायनिनचा रंग उडतो. किती वेळ, किती ताप, हे बचत गटांच्या महिलांना करून दाखवणारे कोणीतरी हवे.

त्याचबरोबर एका मोहापासून त्यांना वाचवायलाही हवे. डोपामिनचे नाव ऐकून ‘साल खा, मन प्रसन्न ठेवा’ अशी जाहिरात करणे सोपे आहे. मात्र पोटात गेलेले डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. परीक्षानळीत दिसलेला गुण शरीरात तसाच उतरेल याची हमी नसते. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले: बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. शिवाय सालीवर फवारणीचे अंश राहू शकतात. तपासणीशिवाय सालीची पूड बाजारात आणणे धोक्याचे.

काम शून्यापासून सुरू करायचे नाही. तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र १९९३ पासून याच पिकावर काम करते आहे. नवसारी कृषी विद्यापीठाने खुंटाच्या रसापासून द्रवरूप सेंद्रिय खत तयार केले आहे.

साकोलीकडून मागणी तीन गोष्टींची आहे. केळफूल आणि खुंटाचा गाभा निवडणे, वाळवणे व टिकवणे यांची प्रात्यक्षिके पवनी, लाखांदूर, मोहाडीच्या बचत गटांसमोर व्हावीत. सालीचे कोणतेही उत्पादन सुचवण्याआधी अंशतपासणीची सोय कुठे आणि किती खर्चात आहे ते जाहीर व्हावे. आणि कोणता गुण प्रयोगशाळेत दिसला, कोणता माणसांत सिद्ध झाला, हे वेगवेगळे सांगणारी मराठी पत्रिका येत्या खरिपाच्या प्रशिक्षणातच वाटली जावी.

कळावे,
भंडारा जिल्ह्यातील एक वाचक