देखणे अक्षर आणि वाचणारा डोळा

उपयोजित कलेच्या वर्गात एखाद्या उंची वस्तूची जाहिरात करायला दिली, की निम्मी मुले डोळे मिटून बोडोनी निवडतात. अत्तर असो, घड्याळ असो वा पैठणी. जाड उभी रेघ, केसासारखी आडवी रेघ आणि टोकांना सुईसारखे सपाट सेरिफ ठरलेलेच. अक्षर देखणे आहे यात वाद नाही. पण ते केवढे आणि कशावर छापावे, हा विचार कोणी करीत नाही, ही माझी तक्रार आहे.

जांबात्तिस्ता बोडोनी १७६८ पासून इटलीतील पार्मा येथे ड्यूकचा छापखाना पाहत असे. राजाश्रय होता, त्यामुळे कागदाची काटकसर नव्हती. गुळगुळीत कागद व काळीभोर शाई असली तर नाजूक रेघ छापता येते, हे इंग्लंडात बास्कर्व्हिलने आधीच दाखवले होते. बोडोनीने आणि पॅरिसच्या दिदो घराण्याने ती आणखी बारीक केली. रुंद समास आणि ओळींमधील ऐसपैस अंतर हेही त्या सौंदर्यातच धरले पाहिजे.

बोडोनी १८१३ मध्ये वारला. त्याच्या पत्नीने १८१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मान्युआले तिपोग्राफिको'च्या दोन खंडांत शंभराहून अधिक रोमन वर्णमाला आहेत. एवढ्या कशाला? खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरावा लागे. लहान आकारात कोरणारा बारीक रेघेला थोडे अंग देई. संगणकावर आपण ७२ पॉइंटांचाच आराखडा ८ पॉइंटांवर आणतो. मग छापताना 'एन'चे दोन खांब उरतात, वरची कमान गायब! 'हार्पर्स बझार' या अमेरिकन मासिकासाठी जोनाथन होफ्लरने दिदो नव्याने रेखाटला, तेव्हा लहानमोठ्या आकारांसाठी त्याने सात निरनिराळे आराखडे केले. फॅशनच्या मासिकाने जी काळजी घेतली, ती आपल्याला जड का व्हावी?

मध्यंतरी एका आरोग्य शिबिराचे इंग्रजी पत्रक घरी आले. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरा, चिमुकला बोडोनी. आत्याने ते हातभर लांब धरले, जवळ आणले आणि शेवटी मलाच विचारले, "अरे, वेळ तीनची आहे की आठची?" आत्या आयुष्यभर इंग्रजी शिकवीत आल्या आहेत. मथळा खुशाल बोडोनीत करा, चांगला मोठा करा. पण वेळ आणि पत्ता एखाद्या धट्ट्याकट्ट्या अक्षराकडे सोपवा.

हल्ली देवनागरीलाही हाच पोशाख चढवू लागले आहेत. काना जाड, शिरोरेखा धाग्याएवढी. आपल्या अक्षराचा जाड-बारीकपणा बोरूच्या तिरक्या कापातून आला आहे आणि त्यात शिरोरेखेलाही अंग आहे. ते उगाच नाही. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' ओळखायचे ते बरेचसे वरची रेघ अखंड की तुटकी, यावरूनच. तीच पुसट केली, तर कवितेतला 'घन' छापून येईपर्यंत 'धन' झालेला असेल.