पुढारी एकच, पण हात अनेक



ख्रिस्ती सेवाकार्यात एकाच खंबीर माणसाच्या हाती सूत्रे असावीत, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत. पुराव्यादाखल त्यांनी वाशिमच्या रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांचे नाव घेतले. उदाहरण उत्तम, निष्कर्ष मात्र उलटा निघतो.

नाझरीन मंडळीच्या या डॉक्टर बाईंनी १९३८ साली जुन्या शाळेच्या इमारतीत रुग्णालय उभे केले. त्या करारी होत्या, यात वाद नाही. पण त्यांच्याच रुग्णालयात जीन डार्लिंग यांनी परिचारिका प्रशिक्षणाची शाळा रुजवली. या शाळेत शिकून मराठी मुली वॉर्ड सांभाळू लागल्या. शिस्त होतीच, पण ती शिकवून दिलेली होती. करारीपणाचे कौतुक करताना पत्रलेखकांनी नेमकी ही शाळा गाळावी, याचे वाईट वाटते.

जामखेडला तर हे आणखी लख्ख दिसते. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी आरोग्यसेविका स्वतः नेमल्या नाहीत, त्या गावाने निवडल्या. कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, काही दलित वस्तीतल्या. बाळंतपण, जुलाब, कुपोषण हे सारे त्या शिकल्या आणि गावात निर्णय घेऊ लागल्या. १९७९चा मॅगसेसे पुरस्कार या दांपत्याला मिळाला तो सामुदायिक नेतृत्वासाठी.

तेव्हा मंडळीच्या पंचांनी पुढारी निवडताना आधी एवढे विचारावे: त्याने आजवर कोणाला तयार केले?

– एक वाचक, वाशिम