परिशिष्टातील माणसे

लोकसाहित्य, बोली आणि भटक्या-विमुक्तांचे जीवन या विषयांवर मराठी विभागांतून जे प्रबंध सिद्ध होतात, त्यांतील पुष्कळांच्या अखेरीस दोन परिशिष्टे असतात. एकात माहितीदात्यांची नावे, वय, जात आणि गाव; दुसऱ्यात त्या जमातीच्या सांकेतिक शब्दांची अर्थांसह यादी. ही परिशिष्टे परिश्रमाचा पुरावा मानली जातात आणि मौखिक परीक्षेत त्यांची आवर्जून प्रशंसा होते. यादी छापल्यावर यादीतल्या माणसांचे काय होते, हा प्रश्न मात्र परीक्षक विचारत नाहीत, मार्गदर्शक विचारत नाहीत आणि विद्यार्थ्याला तो सुचावा अशी कोणतीही तरतूद अभ्यासक्रमात नाही. क्षेत्रीय अभ्यासाची नीती हा समाजशास्त्रज्ञांचा विषय आहे, साहित्याच्या अभ्यासकाचे हात निर्मळच असतात, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्या विद्याक्षेत्रात रुजली आहे. ती खोटी आहे.

सांकेतिक शब्दांच्या यादीला पूर्वज आहेत. मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी मायकेल केनेडी याने १९०८ साली इलाख्यातल्या 'गुन्हेगार' वर्गांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. जमातवार पेहराव, वावर, गुन्ह्याची रीत आणि त्याच ओळीत बोलीची वैशिष्ट्ये, असा त्याचा आराखडा आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा १९२२ मधील अकरावा खंड अशाच जमातींच्या बोलींना वाहिलेला आहे. त्याचा हेतू निराळा असेल, पण ज्या काळात तो छापला गेला त्या काळात या बोली बोलणारी माणसे कायद्याने जन्मतः गुन्हेगार होती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये विस्तारला गेला, आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड हजेरी देत कुटुंबांच्या कुटुंबे राहिली. अशा ठिकाणी शब्दसंग्रह हा निरुपद्रवी भाषाशास्त्रीय ऐवज नसतो. पोलिसाला कळू नये म्हणून जी भाषा घडली, ती पोलिसाला समजावून देण्याचे काम तो करतो.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, असे उत्तर यावर दिले जाते. ते पुरेसे नाही. सराईत गुन्हेगारांविषयीचा मुंबईचा कायदा १९५९ साली आला, आणि संशयाची जुनी सवय ठाण्यांतून गेली नाही. १९९८ साली बारामतीत पिन्या हरी काळे या पारध्याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा कायदा रद्द होऊन शेहेचाळीस वर्षे लोटली होती. संघर्षग्रस्त समाज म्हणजे तोफा धडधडणारा परका मुलुखच असला पाहिजे, असे नाही. ज्या वस्तीत चोरीची बातमी येताच पुरुष रानात पळतात, ती वस्तीही संघर्षग्रस्तच असते. मग ती विद्यापीठापासून एका एस.टी.च्या अंतरावर का असेना.

त्यात एक नवी गोष्ट घडली आहे. पूर्वी प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडे, आणि या धुळीनेच कित्येक माहितीदात्यांचे रक्षण केले. २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत जमा करणे बंधनकारक झाले. आज 'शोधगंगे'वर कोणीही, अगदी ठाणेदारही, ते परिशिष्ट उघडू शकतो. ज्ञान सर्वांना खुले झाले हे चांगलेच. पण ज्याच्याकडून ते घेतले त्याने ते सर्वांसाठी दिले होते काय?

लक्ष्मण माने यांनी 'उपरा'मध्ये (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या'मध्ये (१९८७) जमातीचे अंतरंग उघड केलेच की, मग अभ्यासकालाच बंधन का, असाही आक्षेप येतो. हा आक्षेप आत्मकथनाची प्रकृतीच विसरतो. तेथे लेखक स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर बोलतो; किती सांगायचे हे तो ठरवतो आणि परिणाम त्याच्या दारात येतात. प्रबंधकार दुसऱ्याचे गुपित सांगतो आणि पदवी स्वतः घेतो.

परदेशी विद्यापीठांनी यावर संमतिपत्राचा तोडगा काढला आहे आणि आपल्याकडेही त्याचे अनुकरण सुरू झाले आहे. कागद वाचून दाखवायचा, खाली सही किंवा अंगठा घ्यायचा. ज्यांच्या आजोबांच्या बोटांचे ठसे गुन्हेगार जमाती म्हणून नोंदवहीत उमटवण्याची कायद्यातच तरतूद होती, त्यांच्यापुढे शाईची डबी ठेवून संमती मागणे यातली क्रूरता या कागदाच्या कर्त्यांना कळणार नाही, पण आपल्याला कळायला हवी. असा अंगठा अभ्यासकाचे आणि त्याच्या संस्थेचे रक्षण करतो. ज्याचा तो असतो त्याचे नव्हे.

परदेशी अभ्यासक आणि स्थानिक मदतनीस यांच्या नात्याचा एक कटू धडा पुण्यानेही पाहिला आहे. जेम्स लेन यांचे शिवाजीमहाराजांवरील पुस्तक २००३ साली आले. त्या वर्षाच्या अखेरीस, पुस्तकाच्या ऋणनिर्देशात नाव असलेल्या एका संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळे फासण्यात आले, आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. हल्ल्याचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होत नाही, आणि पुस्तकाच्या गुणावगुणांचा प्रश्न येथे नाही. येथे महत्त्वाचे इतकेच की आघात सोसला तो येथे राहणाऱ्यांनी. लेखक सातासमुद्रापार होता. कृतज्ञतेने छापलेली नावे हल्लेखोरांना आयता पत्ता देऊन गेली. परदेश पारपत्राने मोजायचा नसतो. ज्याला निघून जाता येते तो परका आणि ज्याला राहावे लागते तो स्थानिक, अशी व्याख्या केली तर पारध्यांच्या पालात टेपरेकॉर्डर घेऊन बसलेला मराठीचा प्राध्यापकही परदेशीच ठरतो.

मग नावे गाळावीत काय? समाजशास्त्रात हा मार्ग रूढ आहे, पण साहित्याच्या अभ्यासात तो जशाचा तसा उचलणे हा दुसरा अन्याय आहे. ओवी रचणारी बाई 'माहितीदाता क्र. ७' नसते, ती कवयित्री असते. गी पॉइट्वँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा गाणाऱ्या स्त्रियांची नावे-गावे नोंदवली. त्या प्रकल्पाचे मोठेपण संख्येइतकेच यातही आहे. उलट आपल्याकडे छापील ग्रंथातील चार ओळी श्रेयाविना उचलल्या तर २०१८ च्या नियमांप्रमाणे ते वाङ्मयचौर्य ठरते, आणि म्हातारीच्या तोंडून चारशे ओळी घेतल्या तर त्याला 'संकलन' म्हणतात.

पेच खरा येथे आहे, आणि तो एका उदाहरणाने पाहता येईल. माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथेच उभा राहिला. अशा कोणत्याही कारखान्याच्या गावी गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या खोप्यांचा तळ पडतो. समजा, एखादी विद्यार्थिनी तळावर ओव्या गोळा करू लागली आणि एका बाईने उचल फिटत नाही म्हणून मुकादमाला शिव्याशाप देणारी ओवी म्हटली. ओवी उत्तम आहे. नाव छापले तर पुढच्या हंगामात त्या कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, उचल मिळेल की नाही याची शाश्वती नाही. नाव गाळले तर तिची कविता तिच्यापासून तुटते. आणि नाव गाळून उपयोग तरी काय? वीस खोप्यांच्या तळावर त्या आवाजाची बाई कोण, हे मुकादमाला विचारावे लागत नाही.

या पेचाला नियमपुस्तिकेत उत्तर नाही, कारण उत्तर त्या बाईजवळ आहे. ते ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मिळत नाही. लिहून झाल्यावर, छापण्याआधी, तिच्या गावी जाऊन तिला ओवी आणि तिच्यावरचे भाष्य वाचून दाखवल्यावर मिळते. ती 'छापा, माझ्या नावानं छापा' म्हणेल, किंवा 'हे राहू द्या' म्हणेल. दुसरे उत्तर आले तर प्रबंधातून पान काढावे लागेल. विद्यापीठाच्या मुदतीत यासाठी वेळ नसतो, हे खरे. म्हणून मुदती बदलाव्यात, बाई नव्हे. सांकेतिक शब्दांच्या यादीबाबत तर एवढ्या चर्चेचीही गरज नाही. ती परीक्षकांना बंद पाकिटात दाखवता येते, आणि जमातीतल्या जाणत्यांच्या हाती परत देता येते. यामुळे प्रबंध अपुरा दिसेल, निष्कर्षांची पडताळणी कशी करायची, असे परीक्षक विचारतील. त्यांनी स्वतः त्या वस्तीवर जावे, आणि सांगायचे की नाही हे तिथल्या माणसांना ठरवू द्यावे.