सुई, लोकर आणि भाव



परीक्षा आटोपल्या की आमच्या सभागृहात मुलांचे शिबिर भरते. यंदा लोकरीचे प्राणी घडवण्याचा, म्हणजे नीडल फेल्टिंगचा वर्ग माझ्याकडे होता. अठरा मुले, तीन दिवस आणि विषय एकच, हत्ती.

या कलेचे मर्म सोपे आहे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. या कामाच्या सुईला नेढे नसते. तिच्या टोकाजवळ बारीक खाचा असतात. सुई आत जाताना त्या खाचा तंतूंना सोबत नेतात आणि बाहेर येताना तेथेच सोडतात. तंतू एकमेकांत गुंतत जातात व पिंजलेल्या लोकरीचा भुसभुशीत गोळा हळूहळू घट्ट होतो. दोरा लागत नाही, डिंकही लागत नाही.

पहिल्या दिवशी मी मुलांना म्हणाले, "भराभर टोचा, घाबरू नका." एका मुलाने हत्तीच्या पोटात सुई खुपसत "मेला, मेला!" असा गजर केला. वर्ग हसला, मीही हसले. नातीला न्यायला आलेल्या एक आजी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ताई, आपल्याकडे वाढदिवसाला प्राण्याच्या आकाराचा केकसुद्धा कापत नाहीत. यशोधर राजाची कथा तुम्हाला ठाऊक असेलच. मग हे काय चालले आहे?"

मी उत्तरले, "आजी, ही तर नुसती लोकर आहे."

रात्री माझेच उत्तर मला बोचू लागले. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलका'त ही कथा विस्ताराने आली आहे. जिवंत प्राण्याचा बळी देण्यास राजाने नकार दिला. पण आई चंद्रमतीच्या आग्रहाखातर त्याने पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. तेवढ्यासाठी दोघांनाही अनेक तिर्यंच योनींतून भ्रमण करावे लागले. ते तर नुसते पीठच होते! दोष पिठात नव्हता, मारण्याच्या संकल्पात होता. आमच्या वर्गात घडवण्याचा संकल्प होता खरा. परंतु तो गजर आणि त्यावरचे माझे हसू यांत तो उरला नव्हता. आजींचे बोलणे रास्त होते.

दुसऱ्या दिवशी तीन नियम केले. 'टोचा' हा शब्द सोडून 'गुंफा' म्हणायचे. सुई सरळ, सावकाश आणि नजर टोकावर ठेवूनच चालवायची. घाईत ती तिरपी होऊन मोडते किंवा बोटात शिरते. आणि डोळे सर्वांत शेवटी बसवायचे. डोळे बसले की सुई खाली ठेवायची. तोवर हातात असते ती लोकर, त्यानंतर असतो तो हत्ती.

लोकरीविषयीही काही पालकांनी विचारले. श्वेतांबर साधु-साध्वींचे रजोहरण आणि कांबळ लोकरीचे असते, हे आपण जाणतो. तरीही खरेदी करताना चौकशी करणे हे श्रावकाचे आणि व्यापाऱ्याचेही कर्तव्य आहे. लोकर जिवंत मेंढीची कातरलेली असते, तशीच कत्तलीनंतर कातड्यावरून काढलेलीही बाजारात येते. मऊ मेरिनो लोकर घेताना 'म्युलझिंग'विषयी विचारावे. माश्यांचा उपद्रव टाळण्यासाठी कोकरांच्या शेपटीभोवतालची कातडी कापण्याची ही प्रथा ऑस्ट्रेलियात आजही आढळते. न्यूझीलंडने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. पण ज्या लोकरीची घोंगडी होते, तिचा हत्ती शोभतोच. उरलेली लोकर कसरीपासून जपण्यासाठी डांबरगोळ्या नकोत. लोकर कोरडी करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. जीव पडूच न देणे हीच यतना.

तिसऱ्या दिवशी मुलांना मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथा सांगितली. वणव्याच्या वेळी हत्तीने अंग खाजवण्यासाठी पाय उचलला, त्या जागी ससा येऊन बसला आणि हत्तीने तो पाय अडीच दिवस खाली टेकवला नाही. 'मेला' म्हणणाऱ्या मुलाने तोच हत्ती करायला घेतला. तीन पायांवर तो काही केल्या उभा राहीना. मुलगा एकेक पाय पुन्हा गुंफत राहिला, वर नवी लोकर चढवत राहिला. मध्येच थांबून त्याने विचारले, "ताई, अडीच दिवस तो उभा कसा राहिला असेल?"

आजी त्या दिवशी वर्ग सुटण्यापूर्वीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी लोकरीचा एक पुंजका उचलून त्याच्यापुढे धरला. "मागचा पाय अजून मऊ लागतोय रे. सावकाश कर. ससा मी वळून देते."