खांद्याचे बळ आणि एमआरआयची साक्ष

दुकानाच्या वरच्या फळीवरील तागा उतरविताना हात मध्येच थबकतो, तेव्हा ‘वय झाले’ म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. परंतु खांद्याचे बळ केवळ वयावर नव्हे, तर ‘रोटेटर कफ’ या चार स्नायूंच्या समूहावर अवलंबून असते. त्यांची कंडरा फाटून दीर्घकाळ तशीच राहिली, तर स्नायू आक्रसतो व त्यात चरबी साचू लागते.

ही झीज मोजता येते. फ्रेंच शल्यविशारद गुटालिए यांनी १९९४ मध्ये सीटी स्कॅनवरून चरबीच्या ० ते ४ अशा पायऱ्या मांडल्या. पुढे त्या एमआरआयसाठीही रूढ झाल्या. ० म्हणजे चरबीविरहित स्नायू, ३ म्हणजे चरबी व स्नायू समसमान, ४ म्हणजे चरबीच अधिक. तसेच खांद्याच्या पात्याच्या दोन उंचवट्यांना जोडणारी रेषा कल्पिली जाते. निरोगी सुप्रास्पायनेटस स्नायू त्या रेषेच्या वर येतो. क्षीण झालेला खालीच राहतो.

तथापि चित्र म्हणजे बळ नव्हे. वेदनेमुळे सुदृढ स्नायूही जोर लावीत नाही. उलट साठीनंतर अनेकांची कंडरा फाटलेली असूनही दुखत नाही. म्हणून हात किती उंचावतो, किती भार पेलतो, हे तपासूनच अहवालाचा अर्थ लावावा लागतो.

साचलेली चरबी कंडरा शिवल्यावरही सहसा हटत नाही. जुनी उधारी जशी वसूल होणे कठीण, तसेच हे. पडल्यानंतर हात उचलेनासा झाला, तर विनाविलंब अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.